दांडपट्ट्याला कोणता फासा?

वाचकांचे प्रश्न, या वेळी फक्त हत्यारांविषयी

मागच्या अंकात मी एवढंच विचारलं होतं की टेबलावरच्या लढाईसाठी तुम्ही घरचे काही नियम केले असतील तर कळवा. पत्रांचा गठ्ठाच आला, आणि त्यातली बरीचशी पत्रं ठाण्याची आणि ट्रान्सहार्बर लोकलच्या रुळांलगतची. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही. जिथे मला खरंच काही सांगायचं आहे ती पत्रं निवडली आहेत.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'सारखा भूमिका घेऊन खेळायचा खेळ नवा असलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. चार-पाच भिडू, प्रत्येकाचं एक पात्र, आणि गोष्ट चालवणारा एक डीएम. वार करायचा तर वीस बाजूंचा फासा, म्हणजे डी-ट्वेंटी, टाकायचा, त्यात पात्राचं कसब मिळवायचं. बेरीज समोरच्याच्या एसीइतकी, म्हणजे बचावाच्या आकड्याइतकी, किंवा जास्त झाली की वार लागला. मग हत्याराचा फासा टाकायचा, जो आकडा येईल ते डॅमेज, समोरच्याचे तेवढे हिट पॉइंट, म्हणजे जीव, कमी. दाखले मी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे देते आहे, कारण बहुतेक पत्रांत तीच आवृत्ती आहे.

नौपाड्यात आमच्या घरी गेली दहा वर्षं दर शनिवारी टेबल बसतं. घरचे नियम मी एका लांबट हिशेबाच्या वहीत लिहिते. नवा नियम आधी पेन्सिलीने. चार शनिवार टिकला तर त्यावर शाई फिरवायची, नाही टिकला तर खोडरबर.

प्रश्न : ताई, आमच्या डीएमचा नियम असा आहे की डी-ट्वेंटीवर एक पडला की शंभर ओळींच्या तक्त्यावर फासा टाकायचा. कधी तलवार हातातून निसटते, कधी धनुष्याची दोरी तुटते, कधी वार शेजारच्या मित्रालाच लागतो. सगळे हसतात. मी फायटर खेळतो आणि दर सेशनला माझीच फजिती होते. तक्रार केली की म्हणतात, 'नशीब तुझं, रडीचा डाव नको.' माझं खरंच काही चुकतंय का? (वाचक, ऐरोली)

तुमचं काही चुकत नाही. तुमची तक्रार कागद-पेन्सिल घेऊन सिद्ध करता येते.

डी-ट्वेंटीवर एक पडण्याची शक्यता शंभरात पाच. फायटर पाचव्या पातळीला एका टर्नला दोन वार करतो, म्हणजे त्या टर्नला किमान एकदा एक पडण्याची शक्यता पावणेदहा टक्के. अकराव्या पातळीला तीन वार, सव्वाचौदा टक्के. विसाव्या पातळीला चार वार, साडेअठरा टक्के. एक राउंड, म्हणजे सगळ्यांचा एकेक टर्न, गोष्टीतले सहा सेकंद. तेव्हा राज्यातला सगळ्यात निष्णात तलवारबाज सरासरी पाच-सहा राउंडमागे एकदा, म्हणजे अर्ध्या मिनिटात, स्वतःची तलवार पाडतो. गावच्या वेशीवरचा नवशिका शिपाई एका टर्नला एकच वार करतो, तो वीस राउंडमागे एकदा पाडतो. कसब वाढेल तशी फजिती वाढते. आणि जादूगार? त्याच्या कितीतरी मंत्रांना फासा समोरचा टाकतो, त्यामुळे तक्त्याची झळ त्याला क्वचितच बसते. नियम सगळ्यांना सारखा दिसतो, पण त्याची सगळी वसुली हत्यार धरणाऱ्याकडून होते.

हे मला आधीपासून कळत होतं असं नाही. असाच तक्ता माझ्याही वहीत होता, आणि तो मी शाईने लिहिला होता. तेव्हा टेबलावर कळव्याहून येणारा एक मुलगा होता, अकरावीतला, अतिशय कमी बोलणारा. त्याने आपल्या फायटरची तलवार स्वतः रेखाटून आणली होती. मुठीवर नागमोडी वेल, पात्यावर तीन चंद्रकोरी. त्या शनिवारी त्याला तीनदा एक पडला. पहिल्यांदा तलवार निसटली. दुसऱ्यांदा तो स्वतः घसरून पडला. तिसऱ्यांदा वार मित्राच्या खांद्यावर बसला. सगळे पोट धरून हसले, मीही हसले. तोही हसला. मग त्याने फासे पुसून कंपासपेटीत ठेवले, तलवारीच्या चित्राची घडी घातली आणि वेळेवर लोकल पकडायला निघाला. पुढच्या शनिवारी मेसेज आला, 'मॅडम, अभ्यास आहे.' तो पुन्हा आला नाही. पुढे केव्हातरी मी वरचा हिशेब मांडला, तक्त्याचं पान फाडलं आणि त्याला फोन करून सांगितलं की तो नियम आता नाही. 'ठीक आहे मॅडम,' म्हणाला. त्याची खुर्ची रिकामीच राहिली.

त्यानंतर घरच्या नियमासाठी मी एकच प्रश्न पक्का केला. या नियमाने भिडूच्या हातात एखादी निवड आली, की नुसता आणखी एक फासा आला? तक्त्यात निवड कुठेच नाही. एक पडला, तक्ता पाहिला, मान खाली घातली, संपलं.

मूळ नियमात एक पडला की वार चुकतो, एवढंच आहे. हातात आहे तेवढं पुरेसं आहे. तरी टेबलाला त्या क्षणी काहीतरी घडायला हवंच असेल, तर आमचा सध्याचा नियम वापरून पाहा. एक पडला की भिडूने ठरवायचं : वार चुकला म्हणून सोडून द्यायचं, की अंगावर धाव घ्यायची. धाव घेतली तर फासा पुन्हा टाकता येतो, पण त्याच्या पुढच्या टर्नपर्यंत त्याच्यावर होणारा पहिला वार अ‍ॅडव्हान्टेजने, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा धरून (याच्या उलट, लहान आकडा धरला तर डिसअ‍ॅडव्हान्टेज). कोणी धाव घेतं, कोणी घेत नाही, पण खाली मान कोणी घालत नाही. आणि हे गॉब्लिनलाही, म्हणजे डीएमच्या छोट्या राक्षसांनाही, लागू. जो नियम राक्षसाला लागू नाही तो भिडूला लावू नये.

लहानपणी मी ठाण्यातल्या एका व्यायामशाळेत फरी-गदगा, म्हणजे छोटी ढाल आणि सरावाची काठी, शिकले आहे. हातातला गदगा सुटतो, नाही असं नाही. पण आमच्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की हत्यार पडलं तर डोळे त्याच्या मागे जाता कामा नयेत, समोरच्याच्या खांद्यावर राहिले पाहिजेत. फरी पुढे, एक पाऊल मागे. हत्यार सुटल्यावर काय करायचं हेच शिकलेल्या माणसाला येतं. तुमच्या डीएमना हे वाचायला द्या. ते मुद्दाम छळत नसतील, टेबल हसतं म्हणून त्यांना नियम चांगला वाटत असेल. मलाही तसंच वाटलं होतं.

प्रश्न : आमची मोहीम शिवकाळासारख्या एका काल्पनिक राज्यात चालते. बेलापूर किल्ल्याचा बुरूज पाहून आम्ही नकाशा काढला आहे. माझ्या पात्राला दांडपट्टा हवा आहे. मी असा विचार केला : दोन डी-एट डॅमेज, पंधरा फूट पल्ला, आणि चाबकासारखा फिरत असल्याने पल्ल्यातल्या सगळ्यांना एकदम वार. डीएम 'अति होतंय' म्हणतो. ताई, दांडपट्टा हे काय साधं हत्यार आहे का? (वाचक, नेरूळ)

साधं नाहीच. पण तुम्ही जे मांडलं आहे ते दांडपट्ट्याचं वर्णन नव्हे. चाबकासारखी वळणारी, कमरेला गुंडाळता येणारी तलवार म्हणजे केरळातल्या कळरीपयट्टूमधली उरुमी. दांडपट्ट्याचं पातं लांब, सरळ, दुधारी असतं. थोडी लवचीकता असते, पण गुंडाळता येईल अशी नाही. त्याचं खरं वेगळेपण पात्यात नसून मुठीत आहे.

मी चौदा वर्षांची असताना पट्टा पहिल्यांदा हातात घातला. 'घातला' हाच शब्द बरोबर, कारण तो धरत नाहीत. पोलादी खोबणीत हात कोपराच्या अलीकडेपर्यंत आत जातो, आत आडवी दांडी असते ती मुठीत पकडायची, आणि वर मनगटामागे एक पट्टी बसते. आतलं लोखंड गार होतं आणि त्याला तेलाचा वास होता. मी सवयीने मनगट वळवायला गेले, तर मनगट वळेचना. गदग्याचा सगळा खेळ मनगटाचा, इथे मनगट बंद. वार कोपरातून आणि खांद्यातून काढायचा, आणि खांदा फिरला की पाय फिरलेच पाहिजेत, नाहीतर स्वतःचाच तोल जातो. म्हणून पट्टेवाला गोल फिरतो. ते दिसायला देखणं असतं, पण त्याची ती गरज आहे. दुसऱ्या फेऱ्यातच माझा दंड भरून आला होता.

आता यातून नियम काढू. डॅमेज एक डी-एट, कापण्याचं, एका हाताचं हत्यार. मूळ खेळातल्या लाँगसोर्डइतकंच, त्याहून जास्त नको. हत्यार हातातून पाडता येत नाही, कारण हातच त्यात आहे. हा मोठा फायदा. त्याची किंमत अशी की तो हात दुसऱ्या कशालाही मोकळा नाही. दोर धरता येत नाही, कडी काढता येत नाही, पडलेल्या मित्राला दोन्ही हातांनी ओढता येत नाही. पट्टा चढवायला किंवा उतरवायला एक पूर्ण अ‍ॅक्शन, जशी मूळ नियमात ढालीला लागते. पाच फुटी बोळात वार डिसअ‍ॅडव्हान्टेजने.

आणि मग पट्ट्याचा खास डाव. आम्ही त्याला 'फेर धरणं' म्हणतो. आपल्या टर्नला वार करायचा नाही, जागेवरून हलायचं नाही, फक्त फेर धरायचा. पुढच्या टर्नपर्यंत तुमच्या पाच फुटांत जो शत्रू पाऊल टाकेल किंवा तिथून पुढे निघू पाहील, त्याच्यावर एक वार. सुरुवातीला मी या वारांना मर्यादा ठेवली नव्हती. पहिल्याच लढाईत एका मुलीने खिंडीच्या तोंडाशी फेर धरला आणि सहाच्या सहा गॉब्लिन एका राउंडमध्ये आडवे केले. बाकीचे भिडू नुसते बघत बसले. तेव्हा खोडरबर. आता प्रोफिशिएन्सी बोनसइतकेच (पातळीप्रमाणे वाढणाऱ्या कसबाच्या आकड्याइतकेच) वार, म्हणजे पहिल्या पातळीला दोन. तिसरा गॉब्लिन आत शिरतोच. हे आकडे आता शाईत आहेत.

वारांवर अशी मर्यादा घातल्याने पट्ट्याचा मान कमी होतो असं तुमच्यासारख्या अभिमानी माणसाला वाटेल. उलट आहे. १३ जुलै १६६० ला घोडखिंडीत बाजीप्रभूंनी दोन्ही हातांनी लढत वाट अडवून धरली, ती कथा आपण सगळे ऐकत मोठे झालो. त्यांचं काम सगळ्यांना मारून टाकायचं नव्हतं. महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंत वाट बंद ठेवायची, एवढंच होतं. फेर धरणाऱ्याने स्वतः हलायचं नाही, वार सोडून द्यायचा आणि मागच्यांना वेळ मिळवून द्यायचा. नियमातच ती गोष्ट बसली पाहिजे. दोन डी-एटमध्ये ती बसत नाही. (खिंड म्हणजे पाच फुटी बोळ नव्हे, म्हणून तिथे डिसअ‍ॅडव्हान्टेज लावू नका. एका वाचकाने हा वाद घातला होता.)

तुमच्या डीएमसाठी एक सूचना. फेराला तोड हवी असेल तर लांबून बाण सोडणारे दोन गॉब्लिन ठेवा. त्यांच्या छोट्या धनुष्याचा सरळ पल्ला ऐंशी फूट. पट्टेवाल्याला मग ठरवावं लागेल, फेर सोडायचा की बाण खायचे.

प्रश्न : माझ्या पात्राकडे भाला आहे. सगळ्या टेबलावर मी एकटीच भालेवाली. पण भाला डी-सिक्स, तलवार डी-एट. किंमत पाहिली तर भाला एक सोन्याचं नाणं, तलवार पंधरा. भाला इतका कमअस्सल होता का? (वाचक, घणसोली)

मुळीच नव्हता. जगभरच्या पायदळांनी सगळ्यात जास्त वापरलेलं हत्यार भालाच आहे. स्वस्त आहे, शिकायला सोपा आहे आणि लांब आहे. मराठ्यांनी तर त्याच्या मागे दोरी बांधून विटा केला, फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा.

फाशाचा हा भेद खेळाच्या जन्मापासूनचाही नाही. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा पहिला खेळ आला तेव्हा सगळ्या हत्यारांना एकच डी-सिक्स होता. खंजीर असो की दोन हातांची तलवार, डॅमेज सारखंच. हत्यारागणिक वेगळे फासे १९७५ च्या पुरवणीत आले. तेव्हापासून भिडू फाशाचा आकार पाहून हत्यार निवडतात, आणि भाल्याचा खरा गुण फाशात मावतच नाही. तो गुण लांबीचा.

व्यायामशाळेत आम्हाला बोथाटी होती, टोकाला कापडाचा बोळा बांधलेला सरावाचा भाला. माझी मावसबहीण माझ्याहून तीन वर्षांनी लहान, महिनाभरच शिकलेली. तिच्या हातात बोथाटी, माझ्या हातात फरी-गदगा. अर्धा तास मी आत शिरायचा प्रयत्न करत होते. दर वेळी तो बोळा माझ्या छातीवर यायचा. एकदाच आत शिरले, आणि मग तिला काहीच करता आलं नाही. भाल्याचं सगळं शास्त्र या अर्ध्या तासात आहे. बाहेर असेपर्यंत भाला, आत शिरलं की तलवार.

आमचा नियम तसाच आहे. भाला दोन्ही हातांनी धरलेला असेल आणि आखूड हत्यारवाला शत्रू या लढाईत पहिल्यांदाच तुमच्या अंगाशी येत असेल, तर रिअ‍ॅक्शन (म्हणजे दुसऱ्याच्या टर्नमध्ये मिळणारी एक झटपट कृती) खर्चून त्याच्यावर आधी वार करता येतो. वार लागला तर तो त्या टर्नला पाच फुटांच्या आत येऊ शकत नाही. चुकला तर तो आत आला, आणि मग भाल्याचे वार डिसअ‍ॅडव्हान्टेजने, जोवर तुम्ही मागे सरत नाही. मूळ नियमात याच्या जवळचा डाव एका फीटमागे, म्हणजे पात्राला वेगळं घ्यावं लागणाऱ्या खास कौशल्यामागे, दडलेला आहे. पहिल्या पातळीच्या शेतकऱ्याच्या पोरीलाही तो मिळावा असं मला मनापासून वाटतं. डॅमेजचा फासा मात्र मी बदललेला नाही. तुम्हीही बदलू नका, गरज पडणार नाही.

प्रश्न : मी इंजिनिअर आहे. एक्सेलमध्ये तक्ता केला आहे : बारा हत्यारं आडवी, आठ चिलखतं उभी, प्रत्येक चौकटीत अधिक-उणे. गुर्ज साखळीच्या चिलखतावर अधिक दोन, तलवार उणे एक, असं. वास्तवाला धरून आहे. मित्र वापरायला तयार नाहीत. (वाचक, खारघर)

तुमचा अभ्यास चांगला आहे आणि दिशा बरोबर आहे. साखळीचं चिलखत धार अडवतं, पण गुर्जाचा हादरा आतल्या हाडापर्यंत पोहोचतोच. पण ही वाट आधीच चालून झाली आहे. १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये नेमका असाच तक्ता होता, हत्यार विरुद्ध चिलखत. पुढे खेळाने तो सोडून दिला. मी एकदा हौसेने तो प्रकार घड्याळ लावून खेळून पाहिला. एरवी पाऊण मिनिटात संपणारा टर्न दोन मिनिटांवर गेला. पाच भिडूंच्या टेबलावर पहिल्याचा नंबर पुन्हा येईपर्यंत तो मोबाइल पाहू लागतो.

शहाण्णव चौकटींतून मी दोनच शब्द ठेवले. डीएमने शत्रूचं वर्णन करतानाच त्याला 'पोलादी' किंवा 'मांसल' म्हणायचं. पोलाद्यावर धारेच्या हत्याराचं डॅमेज दोनने कमी. मांसलावर, म्हणजे अस्वल, ट्रोल वगैरे जाड चरबीच्या प्राण्यांवर, बोथट हत्याराचं दोनने कमी. बाकी सगळ्यांना काही नाही. त्याच्या जोडीला एक सवलत मात्र द्याच. मूळ नियमात एका टर्नला फुकटात एकतर हत्यार उपसता येतं किंवा म्यान करता येतं. आम्ही दोन्ही करू देतो. मग तलवारवाली मुलगी कमरेला गुर्जही लावून येते, आणि 'समोरचा पोलादी दिसतोय का?' असं विचारते. तुमच्या तक्त्यातून तुम्हाला हवं होतं ते हेच असावं.

प्रश्न : वीस पडला की आम्ही डॅमेजचे फासे दुप्पट न टाकता एका फाशाचं पूर्ण डॅमेज धरतो आणि वर दुसरा फासा टाकतो. कारण क्रिट, म्हणजे वीस, पडूनही दोन्ही फाशांवर एक-एकच आला की हिरमोड होतो. हरकत आहे का? (वाचक, वर्तकनगर)

हिरमोड होतो हे खरं. सहा बाजूंच्या दोन फाशांच्या तलवारीला नेहमीच्या क्रिटमध्ये चार फासे, सरासरी चौदा. तुमच्या पद्धतीने बारा अधिक सात, एकोणीस. फायटर खूश.

पण पहिल्या पातळीला हाच नियम गॉब्लिनला लावून पाहा. त्याचं डॅमेज डी-सिक्स अधिक दोन. समोर आठ हिट पॉइंटची जादूगारीण. नेहमीच्या क्रिटमध्ये दोन डी-सिक्स अधिक दोन, म्हणजे फाशांवर सहा किंवा जास्त आलं तर ती पडते. छत्तीसपैकी सव्वीस वेळा पडते आणि दहा वेळा उभी राहते. तुमच्या पद्धतीने कमीत कमी नऊ. ती छत्तीसपैकी छत्तीस वेळा पडते. त्या दहा वेळांतच सगळं टेबल श्वास रोखून फाशाकडे बघत असतं. शिवाय पूर्ण मोहिमेत भिडूंवर होणारे वार मोजले तर ते कुठल्याही एका राक्षसावर होणाऱ्या वारांच्या कितीतरी पट असतात. राक्षस एका संध्याकाळपुरता येतो, जादूगारीण दर शनिवारी येते.

मी हा नियम तिसऱ्या पातळीनंतर चालू करते, आणि तो चालू होतोय हे आधीच्या शनिवारी सांगते. त्याआधी नको.

प्रश्न : ताई, मी तेरा वर्षांचा आहे. मी डीएम होतो आणि माझे दोन मित्र आणि माझी लहान बहीण खेळतात. ती सात वर्षांची आहे. तिचा वार चुकला की ती रडते. आई म्हणते तिचा वार नेहमी लागू दे. मित्र म्हणतात ही चीटिंग आहे. आणि तिला कोणतं हत्यार देऊ? (वाचक, वाशी)

तुझं पत्र मला फार आवडलं. बहिणीला खेळात घेतलंस, हे पहिलं.

आपल्याकडे तुझ्या आईच्या नियमाला नाव आहे, लिंबूटिंबू. आंधळी कोशिंबीर असो की लपाछपी, लहान भावंडाला खेळायला घ्यायचं पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नाही. फार प्रेमाचा नियम आहे. पण सात वर्षांच्या मुलीला आपण लिंबूटिंबू आहोत हे कळतं. वार नेहमीच लागायला लागला की थोड्या दिवसांनी तिला त्यात मजा वाटणार नाही, आणि ती का ते तुला सांगूही शकणार नाही.

त्यापेक्षा असं कर. घरात चिंच असेल तर आईकडून मूठभर चिंचोके माग. खेळ सुरू करताना बहिणीला तीन दे, मित्रांना एक-एक. वार चुकला की एक चिंचोका तुझ्याकडे जमा करायचा आणि फासा पुन्हा टाकायचा. कधी द्यायचा हे तिने ठरवायचं. तू किंवा मित्रांनी सुचवायचं नाही, अगदी ती चुकीच्या वेळी देत असली तरी. मित्रांनाही एक मिळतो आहे, त्यामुळे ते चीटिंग म्हणणार नाहीत. तिला दोन जास्त का, असं विचारलं तर सांग की ती लहान आहे, आणि नऊ वर्षांची झाली की तिलाही एकच मिळेल. हे तिच्यासमोर सांग.

हत्यार गोफण दे. मूळ नियमात ती आहेच : डी-फोर डॅमेज, सरळ पल्ला तीस फूट. ती मागे उभी राहून लढेल, म्हणजे तिच्यावर वार कमी होतील. चार बाजूंचा फासा छोट्या हाताला नीट टाकता येत नाही, तो घरंगळत नाही, नुसता टपकतो. म्हणून तिला डी-एट टाकू दे आणि आकडा निम्मा कर. निम्मा करायचं कामही तिलाच दे, अर्धा उरला तर वरचा पूर्ण धरायचा.

चिंचोके आधी धुऊन दोन दिवस उन्हात वाळव. ओलसर राहिले तर हाताला चिकटतात आणि फासाही चिकट होतो. आणि तिने तिसरा चिंचोका कुठल्या वाराला खर्च केला ते मला कळव.